पाणी टाकू नका

मंगळवारी तिसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात जे घडलं, ते आसियानं पुढं पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं. पण तो भाग नंतरचा.

आसिया मुलाणी अंथुर्ण्याजवळच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवायची. सतरा वर्षं झाली होती. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्यातल्या निम्म्या बाटल्यांवरची नावं पुसून गेलेली. त्यामुळं धातूंचा धडा आला की ती सरळ भावाकडं जायची. अबरार तिच्याहून सहा वर्षांनी थोरला. इंदापूरच्या रस्त्याला, उसाच्या रानाच्या कडेला त्याचं भंगाराचं गोडाऊन होतं. तांब्याची तार म्हणा, जस्ताचा पत्रा म्हणा, पितळेची तोटी म्हणा, तिथं मागितलं ते मिळायचं. या खेपेला तिला ॲल्युमिनियम हवं होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती गोडाऊनवर थांबली तर पत्र्याच्या शेडमध्ये चौदा नवी पोती येऊन पडलेली. पाच तोंडाशी, नऊ आत, मागच्या खोलीच्या दाराला लागून. बारामतीच्या कुठल्याशा वर्कशॉपमधला माल होता. लेथवर धातू कातताना किस निघतो तो, चांदीसारखा चमकणारा, कुरळा कुरळा.

"ॲल्युमिनियमच हाय," अबरार म्हणाला. "न्हे पायजे तेवढं."

तिनं जेवणाच्या डब्यात दोन मुठी भरून घेतल्या. डबा उचलताना तो जरा हलकाच लागला, पण ती पिशवी अडकवून निघाली.

मंगळवारी तिनं टेबलावर चार काचेच्या वाट्या मांडल्या. एकीत लोखंडाचे खिळे, एकीत तांब्याची तार, एकीत जस्त, चौथीत हा किस. चायनीजच्या गाड्यावरून आणलेलं व्हिनेगर चारही वाट्यांत ओतलं. तांबं ढिम्म हललं नाही. खिळ्यांवर बराच वेळ काही दिसेना. जस्तावर बारीक बुडबुडे धरले. ॲल्युमिनियम गप्प राहील, कारण त्याच्या अंगावर गंजाची पातळ कातडी असते आणि ती आत काही शिरू देत नाही, असं आसिया सांगणार होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत चौथी वाटी फसफसून उतू गेली.

"मॅडम, हे ॲल्युमिनियम नाहीये," पहिल्या बाकावरची श्रेया म्हणाली.

"मग काय असेल?"

वर्ग विचारात पडला. आसियानं चिमट्यात एक कुरळा तुकडा धरला आणि मेणबत्तीवर नेला. तो असा काही पेटला की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. पांढराशुभ्र, वेल्डिंगसारखा उजेड. मॅग्नेशियम. त्या दिवशी तिनं जो तास घेतला तसा सतरा वर्षांत घेतला नव्हता. कुठला धातू चटकन पेट घेतो, कुठला वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि असं का, हे मुलं स्वतःहून विचारत होती. घंटा झाली तरी कुणी उठेना.

वाट्या धुताना तिच्या मनात एकदा आलं की भाईला सांगायला पाहिजे. पोती शेडमध्ये आहेत, तिथं गॅस कटर चालतो. मग शिपाई सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन आला. शुक्रवारी भाई जेवायला येणारच आहे, तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं आणि पेपर तपासायला बसली.

शुक्रवारी मधली सुट्टी सुरू होत होती तेव्हा फोन आला. बादशाहचाचांचा. अबरारच्या गोडाऊनसमोर, रस्त्यापलीकडं त्यांचं चामड्याचं दुकान होतं. बकऱ्या-मेंढ्यांची कातडी मीठ लावून साठवायची आणि गाडी भरली की पाठवायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. म्हातारा कधी घाईनं बोलत नसे.

"आसिया, ये," ते म्हणाले. "गोडाऊन पेटलंय."

तिनं स्कूटी काढली. शाळेच्या फाटकातूनच धूर दिसत होता. काळा नव्हे, पांढरा, पिठासारखा. वाटेत समोरून एक पिकअप हॉर्नवर हात ठेवून बारामतीच्या दिशेनं सुसाट गेली. आसियानं गाडी कडेला दाबून तिला वाट दिली. त्या पिकअपमध्ये कोण होतं ते तिला पाच मिनिटांनी कळलं.

गोडाऊनसमोर पंचवीस-तीस माणसं जमली होती. उजेडाकडं बघवत नव्हतं. भर दुपारी माणसांच्या सावल्या उलट्या, रस्त्याच्या बाजूला पडल्या होत्या. बादशाहचाचांनी तिचा दंड धरला.

"अबरारला न्हेलंय दवाखान्यात," ते म्हणाले. "शेडच्या तोंडाशी जुन्या ट्रॉलीची चासी कापत होता. ठिणगी पोत्यात गेली. पयल्यांदा लई काय न्हवतं गं, शेगडीएवढं होतं. त्यानं कालव्याच्या चारीतनं बादली भरली आन् ओतली. बॉम्ब फुटल्यावानी झालं. त्याला उचलून हितं रस्त्यावर फेकला."

"कसा हाय?"

चाचांनी बारामतीच्या रस्त्याकडं पाहिलं.

"चाचा, कसा हाय?"

"बोलत होता. डोळं उघडत न्हवता."

आसिया स्कूटीकडं वळलीच होती. पिकअप फार लांब गेली नसेल, भवानीनगरपर्यंत गाठता येईल, असा हिशेबही डोक्यात झाला. तेवढ्यात शेडच्या मागून बाईमाणसाचा आवाज आला. कुणीतरी एकच नाव घेऊन हाका मारत होतं.

"गेणबा आत हाय," चाचा म्हणाले. "तापानं निजला होता मागच्या खोलीत."

गेणबा अबरारकडं पहिल्यापासून. साठीचा माणूस, धातू निवडण्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. मागच्या खोलीला दार एकच, ते शेडमध्ये उघडायचं. त्याच दाराला लागून नऊ पोती होती. तोंडाशी पाच जळत होती. मधे आठ-दहा फुटांचं अंतर.

आसिया धावत मागं गेली. खोलीची मागची भिंत विटांची, तिला एक लहानशी खिडकी आणि खिडकीला जाड गज. गजांतून गेणबाचे दोन्ही हात बाहेर आले होते आणि त्याची बायको कौसल्या ते धरून उभी होती. आतून धूर येत होता. खिडकीखालून कालव्याची चारी वाहत होती, दोन दिवसांपूर्वीच पाण्याची पाळी सुटलेली, काठोकाठ भरून.

"मॅडम, आल्या का तुमी," कौसल्या म्हणाली. "ह्या लोकांना सांगा की. पाणी मारा म्हणावं. समदी नुसती बघत उभी हायती. एवढं पाणी हाय, मारा की."

आसियानं खिडकीत तोंड घातलं. गेणबा खोकत होता. डोळे लाल, पण शुद्धीवर होता.

"बाई," तो म्हणाला, "दार तापलंय. हात लावून बघितलं."

"दार उघडू नका. काय झालं तरी उघडू नका." तिनं आपली ओढणी काढली, चारीत बुडवली, पिळली आणि गजांतून आत दिली. "ही तोंडाला बांधा. खाली बसा, जमिनीला टेकून. धूर वर राहतो."

"खाली बसलो तर हिचा हात सुटंल."

"बसा, गेणबाकाका."

तो बसला. कौसल्यानं हात तसाच आत लांबवला, पण तिथवर पोचेना. मग तिनं आसियाकडं असं पाहिलं, जणू नवऱ्याचा हात आसियानंच सोडवला होता.

दोन गडी पहारी घेऊन आले. आसियानं त्यांना गजांच्या नादी लागू दिलं नाही, खिडकीच्या खालची भिंत फोडायला लावली. पहिले घाव बसले. जुनी, भाजक्या विटांची भिंत होती, चुन्याची. पहार उडून परत येत होती. किती वेळ लागेल असं विचारल्यावर एकजण म्हणाला, अर्धा तास तरी जाईल बाई.

पुढच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. काय आलं असेल ते आसियाला न बघताच कळलं.

आप्पासाहेबांचं उसाचं रान शेडला लागूनच होतं. ते स्वतः पाण्याचा टँकर जोडून घेऊन आले होते. भल्या मनाचा माणूस, कुणाच्या अडीनडीला पहिला हजर. गड्यानं मोटार सुरू केली होती, पाइप सोडायचा तेवढा राहिला होता. आसिया पाइपसमोर जाऊन उभी राहिली.

"पाणी टाकू नका, आप्पा."

"काय?"

"पाणी टाकू नका. ही आग पाण्यानं वाढते."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. भावाच्या धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं असावं, असंच त्यांना वाटलं असणार. "बाई, बाजूला व्हा," ते सबुरीनं म्हणाले. "आत माणूस हाय."

"म्हणूनच सांगते. माझा भाऊ एका बादलीनं असा झाला. तुमी टँकर रिकामा केलात तर भिंतच राहणार न्हाय."

"आगीवर पाणी न्हाय टाकायचं तर काय टाकायचं? शाळंतलं ग्यान शाळंत. सरका."

मागून कुणीतरी म्हणालं, तिच्या भावाचा माल हाय, माल वाचवतीय. ते तिला ऐकू आलं. तोवर कौसल्या मागून धावत आली होती. "ती मरू देतीय त्याला," असं म्हणत तिनं आसियाच्या दंडावर, पाठीवर मुठी मारायला सुरुवात केली. आसियानं अडवलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की पाइपाच्या तोंडाशी पाणी आलंय आणि गड्याचा हात कॉकवर आहे. सतरा वर्षं ती हेच शिकवत आली होती, आणि आता तीस माणसांत एकालाही ते समजावून सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते.

पायाखाली किस चमकत होता. पोती फुटून तो रस्त्यावर विखुरला होता. ती खाली बसली. दोन्ही हातांनी डांबरावरचा मूठभर किस गोळा केला.

"आप्पा, काडेपेटी द्या."

"आता काय हे?"

"अर्धा मिनिट. मग मी बाजूला होते, तुमी काय करायचं ते करा. काडेपेटी द्या."

त्यांनी खिशातून काढून दिली. पहिली काडी विझली. दुसरी तिनं किसाच्या सगळ्यात पातळ धाग्याला लावली आणि हाताचा आडोसा धरला. धागा पेटला, मग ढीग पेटला. लहानसाच, पण पांढरा, डोळ्यांत टोचणारा. ती उठली नाही. टँकरच्या गळतीखाली ओंजळ धरली आणि ते पाणी ढिगावर टाकलं.

फट्ट असा आवाज झाला. ढीग उसळला, पांढरे निखारे चहूकडं उडाले. एक तिच्या मनगटाला चिकटला, एक आप्पासाहेबांच्या धोतरावर पडला. कौसल्या मागं सरली. पाणी पडलेल्या जागी आग विझली नव्हती, उलट पहिल्यापेक्षा तेजानं जळत होती.

आप्पासाहेबांनी धोतर झटकलं. मग गड्याला म्हणाले, "मोटार बंद कर."

"कोरडी माती पायजे," आसिया म्हणाली. तिचं मनगट भाजत होतं. "एकदम कोरडी."

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. जानेवारीचे दिवस, चारी वाहती, चहूकडं पाणी दिलेला ऊस. काळी माती चिखल होऊन पडली होती. रस्त्याच्या कडेची साइडपट्टीसुद्धा टँकरच्या गळतीनं भिजली होती. आसिया उभी राहून बघत होती आणि तिला रडू फुटायच्या बेतात होतं. मागं पहारींचे घाव पडत होते, त्यातून गेणबाचा खोकला ऐकू येत होता, आणि तो आता मघापेक्षा बारीक झाला होता.

मग तिचं लक्ष रस्त्यापलीकडं गेलं.

"चाचा, मीठ किती हाय तुमच्याकडं?"

"खडेमीठ? कालच गाडी उतरलीय. चाळीस पोती असतील." म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "मिठानं विझती व्हय?"

"विझत न्हाय. दबते. मीठ त्याला काहीच देत न्हाय, म्हणून."

"घ्या," चाचा म्हणाले आणि कमरेची किल्ली काढून समोरच्या माणसाकडं फेकली.

माणसं धावली. पहिलं पोतं आलं तेव्हा आसियानं त्यात हात घातला. वरचं कोरडं होतं, बुडाशी ओल लागली. ते तिनं बाजूला टाकायला लावलं. कुणीतरी कुरकुरलं, पण आप्पासाहेब म्हणाले, "बाई म्हणत्यात तसं करा." त्यानंतर प्रत्येक पोत्यात ती आधी कोपरापर्यंत हात घालायची. मिठानं मनगटाची जखम अशी झोंबायची की डोळ्यांसमोर अंधारी यायची. चाळीसातली अकरा पोती तिनं नाकारली.

चौघांनी भंगारातले पत्रे ढालीसारखे पुढं धरले. त्यांच्या आडून बाकीचे घमेली घेऊन आत शिरत. उजेडाकडं कुणी बघायचं नाही, जमिनीकडं बघत चालायचं, असं तिनं प्रत्येकाला बजावलं. आधी जळत्या आणि न जळत्या पोत्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मीठ पसरलं. मग आतल्या नऊ पोत्यांवर. त्यातल्या पहिल्या पोत्याची गोणी करपायला लागली होती. स्वतः आप्पासाहेबांनी त्यावर दोन घमेली उपडी केली आणि बाहेर येऊन रस्त्यावर ओकले. मग जळत्या ढिगाच्या कडा. मीठ पडलं की उजेड तेवढ्यापुरता लाल व्हायचा, आत कुठंतरी धुमसायचा, आणि भेग पडली की पुन्हा पांढरा फुटायचा. पुन्हा मीठ.

आसिया मधेच मागं पळत जायची. भिंतीत पायलीएवढं भोक पडलं होतं.

"काका."

उत्तर आलं नाही.

"गेणबाकाका, बोला काहीतरी."

कौसल्या भोकाशी पालथी पडली होती, खांद्यापर्यंत हात आत घालून. "हाताला लागतंय," ती म्हणाली. "पाय लागतोय हाताला. हालत न्हाय." मग ती एकदम गप्प झाली. तिच्या त्या गप्प होण्यानं आसियाला जेवढी भीती वाटली तेवढी आगीनं वाटली नव्हती. आपण चुकलो तर नाही ना, असं तिला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. टँकरनं दाराच्या बाजूला थोडं पाणी मारलं असतं तर. दार वाचलं असतं तर. तिला उत्तर माहीत होतं, तरी ती ते पुन्हापुन्हा विचारत राहिली.

पहारवाल्यांनी कौसल्याला ओढून बाजूला केलं. आणखी दहा-बारा घाव. भिंतीचा एक तुकडा आतल्या बाजूला ढासळला. एकानं आत शिरून गेणबाच्या काखेत हात घातले आणि त्याला चारीच्या बांधावर आणलं. ओढणी तोंडावर तशीच होती, वाळून कडक झालेली. आप्पासाहेबांच्या गड्यानं त्याची छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं गेणबानं कण्हत श्वास घेतला आणि काळी थुंकी टाकली.

कौसल्या त्याचे पाय चोळत राहिली. पुढं गावात ती आसियाला भेटायची तेव्हा मान खाली घालून जायची, आणि आसियासुद्धा.

इंदापूरहून बंब आला तेव्हा सगळा ढीग मिठाखाली होता. बंबाच्या साहेबानं एक नजर टाकली आणि आपल्या माणसांना पाइप उलगडू दिला नाही. फक्त चाचांच्या दुकानाच्या छपरावर पाणी मारायला लावलं. "मीठ कुणी सुचवलं?" त्यानं विचारलं. लोकांनी आसियाकडं बोट केलं. ती चारीच्या कडेला बसून मनगट पाण्यात धरून होती.

पोलीस पंचनाम्याला आले. आप्पासाहेब तिच्या शेजारी येऊन बसले.

"बाई, माल ॲल्युमिनियम म्हणून घेतला होता, एवढंच सांगा. जास्त बोलायचं काय कारण न्हाय. वर्कशॉपवाला आपलं बघंल."

तिनं मान डोलवली. पण हवालदारानं जबाब लिहायला घेतला तेव्हा तिनं मंगळवारचा तास सांगितला. चार वाट्या, व्हिनेगर, चिमट्यातला तुकडा. हवालदार लिहायचा थांबला.

"म्हणजे तुम्हाला तीन दिवस आधी माहीत होतं?"

"होय."

"मग?"

"सांगायचं राहिलं," आसिया म्हणाली.

त्यानं तेही लिहिलं.

बारामतीला ती पोचली तेव्हा दिवस कलायला आला होता. अबरारच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, चेहऱ्याला पिवळं मलम, हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. डॉक्टरांनी तिला बाहेर घेऊन सांगितलं. डावा डोळा गेला. उजव्याचं आठवड्यानं कळेल, फार आशा धरू नका. गेणबा त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होता. त्याचा जीव वाचला, पण पुढं दोन जिने चढला की त्याला बसावं लागायचं, आणि त्यानं पुन्हा वजन उचललं नाही.

आसिया भावाच्या उशाशी स्टुलावर बसली. पाऊल वाजल्यावरच त्यानं ओळखलं.

"गेणबा?"

"बाहेर काढला. जिवंत हाय."

त्याची छाती हळूहळू खाली बसली.

"आसिया, ते काय होतं?"

"मॅग्नेशियम."

"तुला कसं कळलं?"

इथं तिनं थांबायला हवं होतं, असं पुढं अम्मी म्हणायची. माणूस बरा तरी होऊ द्यायचा. पण त्याला काही दिसत नव्हतं, आणि जो बघू शकत नाही त्याच्यापुढं बसून लपवणं आसियाला जमेना. तिनं मंगळवार सांगितला.

अबरार ऐकत होता. मग म्हणाला, "मंगळवारी तुझा फोन आला असंल. मी दिवसभर चाकणला होतो, रेंज न्हवती. मीच उचलला नसंल."

त्यानं तिला वाट करून दिली होती. एक हुंकार दिला असता तरी पुरलं असतं. आसियाच्या घशात तो आलाही होता.

"फोन केलाच न्हवता, भाई," ती म्हणाली. "पेपर तपासत बसले. शुक्रवारी जेवायला येणार होतास, तवा सांगू म्हटलं."

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. सिस्टर येऊन सलाईन बदलून गेली. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला आलेले लोक उठून गेले. आसिया हललीच नाही.

"पंचवीस वर्षं भंगारात हाय मी," अखेर तो भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला. "लोखंड पेटताना बघितलं न्हाय कधी. पाण्यात टाकलं तर चार-आठ दिवसांनी गंजतं. आन् हे पाण्यानंच पेटलं. असं का? सगळा धातूच की."

तिला वाटलं तो चिडवतोय. पण तो खरंच विचारत होता.

ती सांगायला लागली. मुलांना सांगायची तसं नाही, अडखळत. "प्रत्येक धातूच्या अणूत मधे एक गाभा असतो आणि भोवती इलेक्ट्रॉन फिरतात. सगळ्यात बाहेरचे जे एक-दोन असतात, त्यांच्यावरच सगळं असतं. गाभ्यानं ते घट्ट धरून ठेवले तर धातू शांत. तांबं तसं, सोनं तर त्याहून. लोखंड मधलं, देतं पण सावकाश. मॅग्नेशियमच्या बाहेर दोन असतात आणि त्यांच्यावर गाभ्याची पकड सैल असते. दोन्ही देऊन टाकायची त्याला घाई असते. घेणारा भेटला की झालं."

"आन् पाणी?"

"पाण्यात ऑक्सिजन असतो. हायड्रोजनला धरून असतो तो. पण तापलेलं मॅग्नेशियम इतकं जोरात देतं की ऑक्सिजन हायड्रोजनला सोडून त्याच्याकडं येतो. मग हायड्रोजन मोकळा सुटतो आणि तोच भडका होऊन फुटतो. तू विझवायला गेलास आणि त्याला सरपण दिलंस." ती थांबली. "एक गोळा असता तर एवढं झालं नसतं. किस होता. सगळं अंगच उघडं."

"आन् बादशाहचाचा म्हणत होते, मीठ टाकलंत. फोन आला होता त्यांचा, सिस्टरनं कानाला लावला. गेणबाचं सांगायच्या आतच कटला."

"मिठात सोडियम असतं. ते तर मॅग्नेशियमपेक्षा उतावीळ. पण त्यानं आपलं दिलेलं असतं, क्लोरीननं घेतलेलं असतं. दोघांचं भागलेलं. म्हणून ते आगीत पडलं तरी गप्प राहतं."

अबरारनं हे ऐकून घेतलं. पट्टीच्या खालून पाणी आलं होतं, औषधाचं की कशाचं ते कळत नव्हतं. तिनं पुसायला कापूस उचलला, तर त्यानं मान बाजूला घेतली.

"राहू दे," तो म्हणाला.

तिनं कापूस परत ठेवला.

"दोन वाक्यं होती ती," तो म्हणाला. "आत्ता सांगितलंस तेवढंसुद्धा नको होतं. भाई, पोत्यांवर पाणी टाकू नकोस, ठिणगी पाडू नकोस. दोन वाक्यं."

"होय."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं."

अबरार चूक केलीस म्हणाला नाही, बरं केलंस असंही म्हणाला नाही. भेटायची वेळ संपल्याचं सांगत वॉर्डबॉय खाटांमधून फिरू लागला. आसिया उठली. तिनं पिशवी घेतली आणि उभी राहिली, कारण काय बोलून निघायचं ते तिला सुचत नव्हतं.

"उद्या येताना अम्मीला आणू नकोस," अबरार म्हणाला. "पट्ट्या सुटेपर्यंत नको. तिला बघवणार न्हाय."

आसियानं मान डोलवली. मग त्याला ते दिसत नाही हे ध्यानात आलं, म्हणून ती म्हणाली, "बरं. एकटीच येते."